मनुष्यबळाचे शास्त्र शिकायला निघालेल्यांशी

(संस्थेने भरविलेल्या पदवीधर मार्गदर्शन मेळाव्यातील भाषण. वेळेअभावी तेथे सांगता न आलेल्या काही गोष्टी लिहिताना घातल्या आहेत.)



सुरुवातीलाच एक खुलासा करतो. माझ्याआधी या व्यासपीठावर डॉक्टरसाहेब बोलले, वकीलसाहेब बोलले. ते आपापल्या क्षेत्रातले जाणकार. मी माध्यमिक शाळेत इतिहास आणि मराठी शिकविणारा मास्तर. ‘स्ट्रॅटेजिक ह्यूमन रिसोर्स मॅनेजमेंट’ या भारदस्त विषयावर मी बोलावे असे सचिवसाहेबांनी ठरविले त्याचे कारण एवढेच की, वयाच्या पस्तिशीत मला पुन्हा विद्यार्थी होण्याची बुद्धी झाली आणि एका मुक्त विद्यापीठाच्या व्यवस्थापन अभ्यासक्रमाला मी नाव घातले. सध्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिवसा मुलांचे पेपर तपासतो आणि रात्री स्वतः पेपर लिहितो. तेव्हा मी सांगतो ते तज्ज्ञाचे मत म्हणून नव्हे, तुमच्यापेक्षा दोन पावले पुढे असलेल्या विद्यार्थ्याचे म्हणून वाचा.

या वयात मी हा उद्योग का केला, तेही सांगतो. माझा एक विद्यार्थी बी.कॉम. झाला आणि विचारायला आला, ‘‘सर, आता काय करू?’’ मुलगा बोलका, चारचौघांत मिसळणारा, शाळेच्या स्नेहसंमेलनात सगळी धावपळ तोच करायचा. मी म्हणालो, ‘‘तू एच.आर.मध्ये एम.बी.ए. कर. तुला माणसे जोडता येतात.’’ त्याच्या अब्बांनी कर्ज काढले. दोन वर्षे त्याने एका खाजगी कॉलेजात काढली. नोकरी लागली ती अशी की, सकाळी कानाला फोन लावायचा, यादीतल्या नावांना ‘नोकरी बदलायची आहे का’ असे विचारायचे, संध्याकाळी किती फोन झाले त्याचा हिशेब द्यायचा. वर्षभराने तो मला भेटला. तक्रार केली नाही. एवढेच म्हणाला, ‘‘सर, दोन वर्षे जे शिकलो त्यातले एक वाक्य तिथे कोणी विचारले नाही.’’ त्या रात्री मला झोप आली नाही. ज्या विषयाची मला काडीची माहिती नव्हती त्याचा सल्ला मी छातीठोकपणे दिला होता. पुढच्या महिन्यात मी पुस्तके आणली आणि त्यानंतर नाव घातले.

तर पहिली गोष्ट. गोड बोलता येते म्हणून या शाखेकडे जाऊ नका. गोड बोलणे उपयोगी पडते, पण ते किराणा दुकानातही उपयोगी पडते. हे शास्त्र मुळात एका कठीण प्रश्नातून जन्मले. कामावर कोणाला घ्यायचे, हे कोणी आणि कशाच्या आधारावर ठरवायचे?

आपल्याकडे या प्रश्नाचा इतिहास मुंबईच्या कापडगिरण्यांत आहे. तेथे कामगार भरती करणारा माणूस म्हणजे जॉबर. गावचा, जातीचा, ओळखीचा माणूस तो गिरणीत लावायचा, त्याबद्दल दस्तुरी घ्यायचा, आणि मर्जी फिरली की काढूनही टाकायचा. गिरणीमालकाला आपल्या खात्यात कोण काम करते हे ठाऊक नसे आणि कामगाराला मालक ठाऊक नसे. मधला जॉबर हाच दोघांचा मायबाप. १९२९ साली नेमलेल्या रॉयल कमिशनने (त्याला व्हिटले कमिशन म्हणतात) १९३१ च्या अहवालात या पद्धतीवर बोट ठेवले आणि भरतीचे काम जॉबरच्या हातून काढून स्वतंत्र लेबर ऑफिसरकडे द्यावे अशी शिफारस केली. आजच्या एच.आर. मॅनेजरचा आपल्याकडचा पूर्वज तो. १९४८ च्या फॅक्टरी अ‍ॅक्टने ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कामगार कल्याण अधिकारी नेमणे सक्तीचे केले. मग अशी माणसे तयार करणारे शिक्षण आवश्यक झाले. आपल्याला अभिमान वाटावा अशी एक गोष्ट येथे सांगतो. आज देवनारला असलेली टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ साली सुरू झाली ती नागपाड्याच्या वस्तीत, नेबरहुड हाऊसमध्ये. कामगार कल्याण आणि कर्मचारी व्यवस्थापनाच्या अभ्यासाची एक मोठी परंपरा तेथून सुरू होते. नागपाड्याला ज्यांचे नातेवाईक राहतात त्यांनी ही गोष्ट घरी जरूर सांगावी.

मात्र एक विसंगती लक्षात घ्या. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि त्यानंतर कापडाचे काम मोठ्या प्रमाणावर यंत्रमागांकडे गेले. जेथे लेबर ऑफिसर होता ती गिरणी बंद पडली. जेथे मुकादमच सर्व काही आहे तो कारखाना वाढला. म्हणजे व्हिटलेसाहेबांनी १९३१ साली दाखविलेला प्रश्न आमच्या भिवंडीच्या गल्लीत आजही जिवंत आहे. फक्त जॉबरच्या जागी ठेकेदार आला आहे.

आता ‘स्ट्रॅटेजिक’ हा शब्द. मराठी पुस्तकांत याला व्यूहात्मक मनुष्यबळ व्यवस्थापन म्हणतात. चक्रव्यूह आठवून घाबरू नका. पदव्युत्तर अभ्यासक्रमात पहिल्या वर्षी भरती, पगार, कायदे, प्रशिक्षण असे एकेक प्रकरण स्वतंत्र शिकवितात आणि हा पेपर बहुधा दुसऱ्या वर्षी येतो. त्याचा एकच आग्रह असतो. ही सगळी प्रकरणे सुटी सुटी ठेवू नका. संस्थेला जायचे कोठे आहे ते आधी विचारा, आणि मग माणसे निवडणे, शिकविणे, पगार देणे, बढती देणे हे सारे त्या दिशेला आहे की उलट्या दिशेला, ते तपासा. १९८४ साली अमेरिकेत यावर दोन पुस्तके निघाली. फोम्ब्रन, टिची आणि देवाना यांचे एक, आणि बिअर व त्यांच्या हार्वर्डच्या सहकाऱ्यांचे दुसरे. पहिल्यात भर आहे तो माणसांचा उपयोग धंद्याच्या उद्दिष्टासाठी कसा करावा यावर. दुसऱ्यात कामगार, युनियन, सरकार, आसपासचा समाज या सर्वांचे हितसंबंध मांडले आहेत. परीक्षेत या दोहोंची तुलना हमखास येते. पण त्याच्याही दहा वर्षे आधी, १९७४-७५ मध्ये, उदय पारीक आणि टी. व्ही. राव या आपल्याच दोन प्राध्यापकांनी लार्सन अँड टुब्रो कंपनीत मनुष्यबळ विकासाचे वेगळे खाते उभे करून दाखविले होते. आपली मुले अमेरिकन नावे घोकतात आणि ही दोन विसरतात.

माणसाला ‘संसाधन’ म्हणणे मला अजून खटकते. कोळसा संसाधन, पाणी संसाधन, आणि त्याच यादीत माणूस? पण शब्दावर अडून बसण्यात अर्थ नाही. पुढे जाऊ.

उद्दिष्ट आणि पगार यांची दिशा उलटी असणे म्हणजे काय, हे पुस्तकातून समजायला मला वेळ लागला. गल्लीतून समजायला पाच मिनिटे लागली. समजा, एका हाजीसाहेबांचे साधे माग आहेत. विणकराला मजुरी मीटरवर मिळते. जितके मीटर तितके पैसे. कोरे कापड स्वस्तात विकायचे असेल तोवर हे ठीक. आता हाजीसाहेबांनी ठरविले की बिनधोट्याचे नवे माग आणायचे आणि परदेशी पाठविण्याजोगे निर्दोष कापड काढायचे. कर्ज काढून माग आणले, पण मजुरी मीटरवरच ठेवली. विणकर काय करील? धागा तुटला तर माग थांबवून नीट गाठ मारील, की तसाच पुढे रेटील? थांबला तर त्याचे पैसे बुडतात. मालक तोंडाने दर्जा मागतो आणि हाताने मीटरचे पैसे मोजतो. विणकर तोंडाचे ऐकत नाही, हाताचे पाहतो, आणि त्यात त्याची काही चूक नाही. व्यवस्थापनाच्या मंडळींत १९७५ चा स्टीव्हन कर यांचा एक लेख प्रसिद्ध आहे, त्याचा मुद्दा हाच. आशा एका गोष्टीची धरायची आणि बक्षीस दुसऱ्याच गोष्टीला द्यायचे, हा मूर्खपणा. (आम्ही शिक्षकही काय करतो? मुलांनी विचार करावा म्हणतो आणि गुण पाठांतराला देतो.) हाजीसाहेबांना माग विकणारा एंजिनिअर भेटला, कर्ज देणारा बँकवाला भेटला. माग आणण्याआधी मजुरीची पद्धत बदला, दोन विणकरांना तीन महिने शिकायला पाठवा, असे सांगणारा कोणी भेटला नाही. हे सांगणारा माणूस तयार करणे हा या पेपरचा हेतू आहे.

हे केवळ माझे तर्कट नाही. आपल्या जवळच, तारापूर आणि उंबरगाव भागातल्या कापड विणणाऱ्या कारखान्यांत ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मोठा प्रयोग केला. तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. १७ घराणेशाही कंपन्यांचे २८ कारखाने त्यात होते. काही कारखान्यांना काही महिने फुकट व्यवस्थापन सल्लागार दिले, इतरांची केवळ पाहणी केली. सल्लागारांनी जादूची कांडी फिरविली नाही. माग कशाने थांबला याची नोंद ठेवा, कापडातल्या दोषांचा रोज हिशेब करा, सुताचा साठा लिहा, कोणाची जबाबदारी कोणती ते ठरवा, चांगल्या कामाला बक्षीस द्या, अशा साध्या गोष्टी शिकविल्या. पहिल्याच वर्षी उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. मग मालकांनी हे आधीच का केले नव्हते? कित्येकांना या पद्धती माहीतच नव्हत्या, आणि माहीत होत्या त्यांना आपल्याला त्यांची गरज आहे असे वाटत नव्हते.

या प्रयोगातला मला सर्वांत बोलका वाटलेला निष्कर्ष वेगळाच आहे. कंपनी किती मोठी होणार हे तिच्या व्यवस्थापनापेक्षा घरात पुरुष माणसे किती यावर अधिक अवलंबून दिसले. कारण मालकाचा विश्वास फक्त भाऊ आणि मुलगा यांच्यावर. परक्या मॅनेजरच्या हाती कारखाना द्यायची हिंमत नाही. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या वाचकांना हे वाचून हसू येईल, कारण प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर एखादे घर उभे राहील. नऊ वर्षांनी तेच संशोधक पुन्हा गेले, तेव्हा शिकविलेल्या पद्धतींपैकी सुमारे निम्म्या सोडून दिलेल्या आढळल्या. मॅनेजर बदलले आणि मालकांना वेळ नव्हता, ही कारणे प्रामुख्याने सांगण्यात आली. तरीही ज्यांना काहीच शिकविले नव्हते त्यांच्यापेक्षा हे कारखाने पुढेच होते. माणूस गेला की पद्धतही त्याच्याबरोबर जाते, हा धडा कारखान्याइतकाच शाळेला आणि संस्थेलाही लागू आहे.

पुस्तकात मोटार कारखान्याचे एक उदाहरण तुम्हाला भेटेल. कॅलिफोर्नियात फ्रीमाँट येथे जनरल मोटर्सचा कारखाना होता. गैरहजेरी आणि भांडणे यांसाठी बदनाम. १९८२ साली तो बंद झाला. १९८४ साली टोयोटाने जनरल मोटर्सच्या भागीदारीत तो पुन्हा उघडला, आणि बहुसंख्य कामगार तेच जुने, युनियनही तीच ठेवली. बदलले काय? कामगारांना जपानला नेऊन शिकविले. लहान गट केले. दोष दिसताच दोरी ओढून सबंध लाइन थांबविण्याचा अधिकार साध्या कामगाराला दिला. १९८८ च्या सुमारास मागणी घटली तेव्हा माणसे काढली नाहीत, त्यांना प्रशिक्षणाला बसविले. जे कामगार नालायक म्हणून ओवाळून टाकले होते त्यांनी थोड्या काळात उत्तम गाड्या काढून दाखविल्या. २०१० साली तो कारखाना बंद पडला हेही सांगितले पाहिजे. चांगली माणसे आणि चांगली पद्धत असली म्हणून धंद्याचे सर्व संकट टळते असे नाही. पण ‘आजकाल कामगार चांगले मिळत नाहीत’ असे कोणी म्हणाले की मला फ्रीमाँट आठवते.

आता माझ्या चुकीची गोष्ट. काही वर्षांपूर्वी एका शाळेत लिपिकाची जागा भरायची होती आणि मुलाखतीच्या समितीवर मी होतो. उमेदवार आत आला की आम्ही विचारायचो, ‘‘वडील काय करतात? कोणत्या मोहल्ल्यात राहता? लग्न झाले का?’’ एकाने फार छान बोलून दाखविले. आमच्यापैकी एकाच्या परिचितांतला निघाला, गप्पा रंगल्या. दुसरी एक मुलगी घाबरलेली होती. तिच्याशी आम्ही चार मिनिटेही बोललो नसू. निवड अर्थातच पहिल्याची झाली. लिपिकाला पत्र लिहावे लागते, जमाखर्च ठेवावा लागतो, कॉम्प्युटर चालवावा लागतो. यातले एकही काम आम्ही कोणाकडून करून घेऊन पाहिले नाही! पुढे त्या गृहस्थांना साधे रजेचे रजिस्टर जमेना. त्या मुलीचे काय झाले ते मला माहीत नाही.

निवडीचे प्रकरण वाचताना हा प्रसंग मला आठवला आणि पान उलटवेना. या एका प्रकरणावर जगात जितके संशोधन झाले आहे तितके या शाखेतल्या फार थोड्या विषयांवर झाले असेल. १९९८ साली श्मिट आणि हंटर यांनी ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला. गप्पा मारीत घेतलेल्या मुलाखतीपेक्षा बांधीव मुलाखत उमेदवाराच्या कामाचा अंदाज अधिक बरोबर देते, असे त्यात दिसले. २०२२ साली सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे हिशेब पुन्हा तपासले. पुष्कळ साधनांचे मोल त्यांनी खाली आणले, पण बांधीव मुलाखत वरच्या जागी राहिली. बांधीव म्हणजे काय? त्या कामाला काय लागते ते आधी लिहून काढायचे. त्यावरून प्रश्न ठरवायचे. सर्वांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने. प्रत्येक परीक्षकाने आपले गुण आपल्या कागदावर लिहायचे आणि ते लिहून झाल्याशिवाय आपसात चर्चा करायची नाही. शक्य तर प्रत्यक्ष कामाचा नमुना करून घ्यायचा. इतके सोपे! दहावीच्या परीक्षेत आपण हेच करतो. शंभर मुलांना शंभर वेगळे पेपर काढत नाही. नोकरी देतानाच आपण हे विसरतो.

न विसरण्याचे आणखी एक कारण आहे आणि ते आपल्या मुलांना थेट भिडते. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. वर्तमानपत्रांतल्या खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठविले. फरक फक्त नावात. काही नावे उच्चवर्णीय हिंदू, काही दलित, काही मुसलमान. पुढच्या फेरीसाठी बोलावणे येण्याची शक्यता तीनही गटांना सारखी नव्हती. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला ती सुमारे दोन-तृतीयांश आणि मुसलमान नावाला सुमारे एक-तृतीयांश निघाली. त्याच सुमारास जोधका आणि न्यूमन यांनी मोठ्या कंपन्यांच्या एच.आर. मॅनेजरांशी बोलून पाहिले. सगळे म्हणाले, आम्ही गुणवत्ता पाहतो. आणि पुढे म्हणाले, घरची पार्श्वभूमीही विचारतो.

हे वाचून प्रथम संताप आला. मग आठवले की ‘‘वडील काय करतात?’’ हा प्रश्न मीही विचारला होता. त्या टेबलाच्या पलीकडे बसणारा बहुधा दुष्ट नसतो. आपल्यासारखा बोलणारा, आपल्यासारख्या घरातला माणूस त्याला हुशार वाटतो, इतकेच. म्हणून त्याच्या चांगुलपणावर विसंबण्यापेक्षा पद्धत बदलणे जास्त खात्रीचे. आणि ती बदलण्याचा अधिकार ज्या खुर्चीला आहे त्या खुर्चीपर्यंत पोहोचण्याचा रस्ता या अभ्यासातून जातो. तेथे पोहोचून आपल्याच माणसाचा अर्ज वर काढायचा, असे मात्र समजू नका. तो पुन्हा जॉबरच झाला.

आकडेमोडीबद्दल सांगितले पाहिजे, कारण कला शाखेची मुले ‘एच.आर.ला गणित नसते’ असे समजून येतात. असते, आणि भरपूर असते. समजा, एका कारखान्यात वर्षभरात सरासरी ८० माणसे होती आणि ६० सोडून गेली. गळती ७५ टक्के. येथवर कोणीही येईल. पण या ६० जणांनी साठ वेगवेगळ्या जागा सोडल्या, की दहाच जागा सहा-सहा वेळा रिकाम्या झाल्या? पहिल्या प्रकारात दुखणे सबंध कारखान्याचे आहे, पगाराचे म्हणा वा वागणुकीचे. दुसऱ्या प्रकारात ते एका खात्याचे, कदाचित एका मुकादमाचे. उपाय अगदी वेगळे.

किंवा ह्युसेलिड यांचा १९९५ चा गाजलेला अभ्यास घ्या. अमेरिकेतल्या ९६८ कंपन्यांची माहिती घेऊन त्यांनी दाखविले की, जेथे निवड, प्रशिक्षण, बक्षीस यांच्या चांगल्या पद्धती एकत्र आहेत तेथे गळती कमी आणि विक्री व नफा जास्त. वाचून वाटते, सिद्ध झाले. पण मला माझा वर्ग आठवला. शिकवणीला जाणाऱ्या मुलांना गुण जास्त पडतात. ते शिकवणीमुळे, की शिकवणी परवडणारे आणि अभ्यास घेणारे घर असल्यामुळे? तसेच, चांगल्या पद्धतींमुळे नफा झाला, की नफा होता म्हणून चांगल्या पद्धती परवडल्या? २००५ साली राइट आणि सहकाऱ्यांनी हाच प्रश्न तपासला, तेव्हा आधीच्या कामगिरीशीही या पद्धतींचा तितकाच संबंध दिसला. अशी शंका घेता येणे हे पदव्युत्तर शिक्षण. केवळ व्याख्या पाठ करायच्या तर त्यासाठी दोन वर्षे आणि कर्ज कशाला?

कायद्याच्या बाबतीत एक इशारा. जुनी गाइडे घेऊ नका, मोठ्या भावाची तर मुळीच नको. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि त्यांनी २९ जुन्या केंद्रीय कायद्यांची जागा घेतली. वर ज्या फॅक्टरी अ‍ॅक्टचा उल्लेख केला तोही त्यांत गेला. कल्याण अधिकाऱ्यासाठी पूर्वी ५०० कामगारांची अट होती, आता २५०. उलट, कामगार कपात करण्यापूर्वी सरकारची परवानगी घेण्याची सक्ती पूर्वी १०० कामगारांपासून होती, ती आता ३०० पासून. एक आकडा कामगाराच्या बाजूने सरकला, एक मालकाच्या. दोन्ही तुम्हाला पाठ हवेत, कारण उद्या दोन्ही बाजू तुम्हालाच विचारतील.

कोठे शिकावे? टाटा संस्थेचा उल्लेख वर आलाच. जमशेदपूरची झेवियर संस्था १९४९ पासून आहे. या दोन्ही ठिकाणी प्रवेश कठीण आहे, पण कठीण म्हणजे अशक्य नव्हे. परळला नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नावाची, राज्य सरकारची कामगार अभ्यास संस्था आहे. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून देणारे ते लोखंडे. ही संस्था १९४७ पासूनची, आणि आपल्या मुलांना तिचे नावही माहीत नसते. नोकरी सोडणे शक्य नसेल त्यांनी माझ्यासारखे मुक्त विद्यापीठ पाहावे. फक्त रात्री दोन तास आणि कुटुंबाची मर्जी, दोन्ही सांभाळावी लागतात.

खाजगी कॉलेजात जाणार असाल तर कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी तेथील शेवटच्या वर्षाच्या चार विद्यार्थ्यांना गाठा. कॉलेजने पुढे केलेल्या नव्हे, तुम्ही स्वतः शोधलेल्या. त्यांना विचारा, ‘‘प्रकल्पासाठी कारखान्यात किती दिवस गेलात? कामगारांच्या हजेरीचे आणि पगाराचे खरे आकडे हाती आले का? गेल्या वर्षीच्या मुलांना नोकरी कोणत्या कामाची लागली?’’ कंपनीचे नाव विचारू नका, काम विचारा. माझ्या विद्यार्थ्याला हे तीन प्रश्न मी सांगितले असते तर त्याची दोन वर्षे आणि त्याच्या अब्बांचे पैसे वाचले असते.

तो आता काय करतो? फोनची नोकरी त्याने सोडली. एका मध्यम कारखान्यात पगारपत्रक आणि पी.एफ.चे काम पाहतो. पगार आधीपेक्षा थोडा कमीच आहे. पण गेल्या ईदला आला तेव्हा सोबत एक वही होती. सहा महिन्यांत कोण सोडून गेले, कोणत्या खात्यातून गेले आणि जाताना काय म्हणाले, ते त्याने कोणी न सांगता लिहून ठेवले होते. आम्ही दोघे शीरखुर्मा बाजूला ठेवून ती वही वाचत बसलो. निम्मी माणसे एकाच खात्यातली होती. ही गोष्ट मालकाला कशी सांगावी, यावर आमचा बराच वाद झाला. तो म्हणाला, सरळ सांगतो. मी म्हणालो, आधी त्या खात्यात एका माणसाच्या जागी दुसरा शिकविण्यात किती दिवस आणि किती कापड वाया जाते ते काढ, मग सांग. तो ते काढतो आहे.

मी आणलेली पुस्तके शाळेच्या वाचनालयात ठेवली आहेत. शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर मी तेथे असतो. न्यायला या, आणि परत आणून द्या.